तळाची वाळू

मासे मला ताटातच आवडतात. हे मी माझ्या नातीला, रेवतीला, स्पष्ट सांगितलं तरी तिला पटलं नाही. ती आचोळ्याला राहते, तिसऱ्या मजल्यावर, आणि गेल्या महिन्यात तिने दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची पेटी आणून ठेवली. मासे अजून यायचे होते. तळाला काय घालावं यावर तिचं आणि तिच्या नवऱ्याचं आठवडाभर चाललं होतं. तो म्हणे पांढरी बारीक वाळू, ती म्हणे प्रवाळाचा जाड चुरा, आणि दोघंही फोनवर कोणाकोणाचे व्हिडिओ बघून एकमेकांवर गुरगुरत होती. शेवटी तिने मला विचारलं, "आजी, तू वसईची. समुद्राकाठी वाढलीस. तू सांग." मी म्हटलं, "काय घालायचं ते घाल. एरंडीची पेंड तेवढी घालू नकोस." दोघंही खूप हसली. म्हातारी गमतीशीर आहे असं त्यांना वाटलं. मला राग आला, पण तो त्यांच्यावरचा नव्हता. तो जुना राग आहे, आणि तो कोणावरचा हे सांगण्यासाठीच मी हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

आमचं घर वाडीत होतं. वाडी म्हणजे केळी, पानवेली, थोडी भाजी, कडेने नारळ, आणि मधोमध रहाटाची विहीर. रहाट दिवसभर कुरकुरायचा. पाहुणे म्हणायचे, काय गोड आवाज. आम्हाला तो ऐकूच येत नसे, थांबला की मात्र सगळे दचकून बाहेर बघायचे. सकाळी कोळीण पाटी घेऊन यायची, दुपारी पलीकडच्या चर्चची घंटा व्हायची, आणि संध्याकाळी काकूच्या किल्ल्यांचा जुडगा वाजायचा. हा तिसरा आवाज मी आजही ओळखेन. काकू म्हणजे माझ्या थोरल्या काकांची, अण्णांची बायको. कोठाराची किल्ली तिच्या कमरेला, आणि स्वयंपाक माझ्या आईकडे. तांदूळ काकू मोजून काढून द्यायची, मासळी काकू कापायची, आणि कापतानाच कोणाला काय ते ठरायचं. डोकं अण्णांना, मधले तुकडे अण्णांच्या दोन मुलांना आणि माझ्या वडिलांना, उरलं तर काकूला. आईच्या आणि माझ्या वाट्याला शेपटी. माझी आई त्या घरात लग्न होऊन आल्यापासून शेपटीवर जगली. सुकेळी करायच्या दिवसांत राजेळी केळी सोलून, उन्हात घालून, राखून, बांधून आईची बोटं काळी पडायची, आणि सुकेळ्यांची पुडकी काकूच्या माहेरी जायची. आई काही बोलायची नाही. एकदा मी बोलले तर काकू म्हणाली, "घरोघरी मातीच्या चुली गो." आईने त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "माझी कुठं हाय?"

ती चूल जवळजवळ मिळाली होती. त्याचं श्रेय एका रेड्याला. रहाटाला आमच्याकडे रेडा जुंपलेला असे, आणि एका रविवारी त्याच्यावर लक्ष ठेवण्याची पाळी माझ्या वडिलांची होती. बाबा शाळेत शिक्षक. ते विहिरीच्या काठी मुलांच्या उत्तरपत्रिका घेऊन बसले, दोरी कधी तुटली ते त्यांना कळलं नाही, आणि रेडा विहिरीत गेला. त्या दिवसापासून अण्णा बाबांशी बोलेनासे झाले. अण्णा बोलत नाहीत म्हटल्यावर बाबाही बोलेनासे झाले. एका छपराखाली राहून, एका पंगतीला बसून दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्यांच्यामध्ये निरोप्या म्हणून मी होते. "सुमे, तुझ्या बापाला सांग, फाटक लावून घे." बाप दोन हातांवर बसलेला. "सुमन, अण्णांना सांग, लावलं आहे." मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होते आणि दोघांचाही मला वीट आला होता. आज लोक एकत्र कुटुंबाच्या आठवणींनी डोळे ओले करतात तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

शेवटी जातीतले चार जाणते बसले आणि वाटणी ठरली. पुढची ओटी, माजघर, जुनं स्वयंपाकघर अण्णांचं. बाबांना एक खोली आणि मागची पडवी. मागच्या पडवीत घरातल्या बायका 'बाहेरच्या' झाल्या की बसायच्या, चार दिवस, गोणपाटावर, वेगळा तांब्या आणि वेगळी थाळी घेऊन. तिथेच आईची चूल होणार होती. आईला जागेचं काही वाटलं नाही. ती दुसऱ्याच दिवशी तळ्यावर गेली, चुलीसाठी चिकणमाती खणून पाट्या भरून घेऊन आली आणि पडवीच्या दाराशी ढीग घातला. त्यावर ती रोज येता-जाता पाणी शिंपडायची. मी तिला इतकी खूश कधी बघितली नव्हती. मला ते घर फुटायला हवं होतं. हे लिहिताना मला जराही लाज वाटत नाही.

आणि मग आमच्याकडेही एक पेटी आली. समुद्राकाठी एका पारशी म्हाताऱ्याचा बंगला होता. त्याच्या नातवाला बाबा मराठी शिकवायला जायचे. म्हातारा बंगला सोडून कायमचा मुंबईला निघाला आणि जाताना त्याने बाबांना आपली मासे ठेवायची पेटी देऊन टाकली. लोखंडी चौकट, चारी बाजूंनी जाड काच, खाली दगडी फरशी. दोन माणसांनाही उचलायला जड. बैलगाडीत पेंढा घालून, वर केळीची पानं बांधून ती आमच्या दाराशी आली तेव्हा गाडीवान एकटा आणि बाबा एकटे. अण्णा ओटीवर पान खात बसले होते. त्यांनी थोडा वेळ बघितलं, मग पान थुंकलं, धोतर खोचलं आणि खाली उतरले. "खाली धर," अण्णा म्हणाले. "धरलंय," बाबा म्हणाले. "डावीकडं घे. पायरी हाय." "बघितली." एवढंच. पण ते एकमेकांशी बोलले होते. माझ्याकडे न बघता, मला मध्ये न घालता. काकूने दारात येऊन हात जोडले. माझी आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. तिचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं की आमची चूल गेली.

गेलीच. पेटी ओटीवर ठेवली गेली आणि ओटी तर अण्णांची. पेटी बाबांची. म्हणजे आता ती दोघांची. वाटणीचं बोलणं कोणी मोडलं नाही, कोणी काढलंच नाही. बाबांनी मुंबईला समुद्राकाठी नवीन झालेलं मासे बघायचं मोठं घर पाहिलं होतं, आणि तसंच काहीतरी आपल्या ओटीवर करायचं त्यांनी मनात घेतलं. अण्णांनी ते पाहिलं नव्हतं, पण अण्णांना न पाहिलेल्या गोष्टींबद्दल बोलायला कधी अडचण आली नाही. प्रश्न होता तळाला काय घालायचं. जेवणं झाली की दोघे ओटीवर बसायचे आणि समोर सुपांत, केळीच्या पानांवर वाळूचे नमुने मांडलेले असायचे. आपल्या किनाऱ्यावरची काळसर वाळू. वैतरणेची जाड रेती. चुन्याच्या भट्टीवरून आणलेला शिंपल्यांचा पांढरा चुरा. खाडीचा गाळसुद्धा. दोन-दोन बोटांत घेऊन चोळायचे, तळहातावर पाणी घालून बघायचे, हुंगायचे. बाबा म्हणायचे पांढरा चुराच हवा, मासा उठून दिसतो. अण्णा म्हणायचे, "दिसायचं काय करायचाय? जगायला पायजे. ती माती उपाशी हाय. उपाशी मातीत काय जगतं?" बाबा म्हणायचे, "अण्णा, माशाला मूळ नसतं." अण्णा म्हणायचे, "पोट तरी असतं का नाय?" आणि मग दोघे हसायचे. जे दोघे कालपर्यंत फाटकाचा निरोप माझ्यामार्फत पाठवत होते ते मांडीला मांडी लावून हसत होते. लोक येऊन म्हणायचे, भावांचं जुळलं, देव पावला. मला वाटायचं, या देवाला माझ्या आईचा पत्ता माहीत नाही.

वाळू धुवायची कोणी, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. बायकांनी. पाट्यांनी रेती विहिरीवर न्यायची, कळशीने पाणी ओतायचं, हाताने घुसळायचं, गढूळ पाणी ओतून द्यायचं, पुन्हा पाणी, पुन्हा घुसळ. बाबांनी सांगितलं होतं की पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. आई आणि मी धुवत होतो. हातांना भेगा पडल्या, त्यात खारं पाणी गेलं की जीव जायचा, कारण शेवटचं धुणं समुद्राच्या पाण्याने करायचं असाही हुकूम होता. विहिरीवर जाताना आईचा मातीचा ढीग वाटेत लागायचा. आता ती त्यावर पाणी शिंपडत नव्हती. तो वाळून फुटला होता आणि कोंबड्यांनी त्यात खड्डे केले होते. मी एकदा म्हटलं, "आई, बाबांना विचार ना." ती रेती घुसळत राहिली. म्हणाली, "विचारलं. म्हनाले, आत्ता नको. आत्ताच कुठं अण्णा बोलायला लागलेत." या वाक्यासाठी मी बाबांना माफ केलेलं नाही. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

अखेर तह झाला. खालचा थर अण्णांचा, वरचा बाबांचा. खाली अण्णा त्यांना योग्य वाटेल ते घालतील, त्यावर धुतलेली रेती, आणि सगळ्यात वर बाबांचा पांढरा चुरा. खालच्या थरात काय, हे बाबांनी विचारलं नाही. नवीनच समेट झालेली माणसं एकमेकांना प्रश्न विचारत नाहीत, जपून असतात. अण्णांनी थर घातले ते बाबा शाळेत असताना, आणि मी तेव्हा मागच्या पडवीत गोणपाटावर बसलेली होते, कारण माझे ते चार दिवस होते. माझ्यापर्यंत फक्त आवाज येत होते. फावड्याचा, काचेला लागलेल्या टोपल्याचा, आणि अण्णांचा, "वहाणा काढून या रे, वहाणा काढून." पेटीजवळ कोणी वहाणा घालून जायचं नाही, असं त्यांनी लावून दिलं होतं. ते नियम पानवेलीचे. पानमळ्यात वहाणा घालून जात नाहीत, तिथे शिवीगाळ करत नाहीत, आणि बाहेरच्या बाईने तर त्या बाजूला फिरकायचंही नाही, तिची सावली पडली तर वेल जळते. अण्णा पेटीला वाफा समजत होते, वाफ्यातही पानवेलीचा वाफा, आणि हे त्या घरात कोणालाही वेडगळ वाटलं नाही. आमच्या लोकांना कशालाही जिवंत ठेवायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती.

पाचव्या दिवशी न्हाऊन मी घरात आले तेव्हा पेटी भरलेली होती. खरं सांगायचं तर ती सुंदर दिसत होती, आणि त्याचाही मला राग आला. पांढऱ्या तळावर सकाळचं ऊन पडलं होतं. एका कोळ्याने खाडीतून बोय माशाची पिल्लं, चिखलातल्या दोन निवट्या आणि एक बोटभर चिंबोरी खेकडी आणून सोडली होती. अण्णांचे मुलगे पाळीपाळीने तांब्याने पाणी काढून वरून परत ओतत होते, पाण्यात हवा जावी म्हणून. बाबा तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले होते आणि अण्णा त्यांच्या शेजारी उकिडवे. गावातली माणसं बघायला येत होती, वहाणा काढून. काकूने आईला सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला. आई चहा घेऊन ओटीच्या दारापर्यंत गेली, तबक आत दिलं आणि परत आली. पेटी तिने त्या दिवशी बघितलीच नाही.

मग पाणी दुधट झालं. बाबा म्हणाले, चुना सुटतोय, बसेल. दुसऱ्या दिवशी ते आणखी पांढुरकं झालं आणि त्याला वास सुटला. तिसऱ्या दिवशी बोयची पिल्लं पाण्याच्या वर तोंड काढून उघडमीट करायला लागली. रेतीतून बुडबुडे येत होते. बाबा म्हणाले, हवा आत जातेय, चांगली खूण आहे. उंटावरचे शहाणे कसे असतात ते बघायला मला कधी लांब जावं लागलं नाही. त्या वासाबद्दल मला सांगितलंच पाहिजे. नासलेल्या अंड्याचा असतो तसा, पण जड, घशात बसणारा. तो वास आम्हाला नवा नव्हता. दर पावसाळ्यात पानवेलीच्या खतासाठी आणलेल्या पेंडीच्या गोणीत पाणी शिरलं की तो वास सगळ्या वाडीला यायचा, आणि मग अण्णाच ओरडायचे, गोणी कोणी उघड्यावर ठेवली म्हणून. एरंडीची पेंड कुजल्याचा वास. त्या घरात एक माणूस नव्हता ज्याला तो ओळखू येत नसे. अण्णांना, काकूला, बाबांना, मुलांना, मला. सगळे नाकाला धोतराचा, पदराचा शेव लावून पेटीभोवती उभे राहायचे, आणि कोणी म्हणून बोललं नाही. मी बोलले आईजवळ. आई म्हणाली, "मला काय नाक नाय?"

चौथ्या दिवशी सकाळी सगळे मेलेले होते. बोय उलट्या होऊन तरंगत होत्या, निवट्या पांढऱ्या चुऱ्यावर आडव्या. चिंबोरी तेवढी लोखंडी चौकटीच्या कोपऱ्याला पाण्याबाहेर चिकटून होती. ओटीवर शेजारपाजारची माणसं जमली, दुःखाला जमतात तशी. अण्णा पेटीकडे बघत होते आणि बाबा अण्णांकडे. दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती आणि ती उच्चारली की पुन्हा निरोप्या लागणार होता. तेव्हा काकू पुढे आली. तिने वाट काढून दिली. म्हणाली, "थर घातले त्या दिवशी ही सुमी बाहेर होती. पडवीच्या खिडकीतून वाकून बघत होती. सावली पडली असनार. पानवेल जळते, मग मासे कसे राहतील?"

पडवीच्या खिडकीतून ओटी दिसतसुद्धा नाही. मधे आख्खं माजघर आहे. मी ते म्हणायला तोंड उघडलं, पण अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. "तसंच असंल," अण्णा म्हणाले. "नायतर जातात कशाला?" जमलेल्या बायकांनी माना हलवल्या. मग अण्णांनी बाबांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी तर बघितलंच. सावली म्हणजे काय हे मला बाबांनी शिकवलं होतं. याच ओटीवर, कंदील आणि नारळ घेऊन. प्रकाश अडला की सावली, बाकी त्यात काही नसतं, असं सांगून त्यांनी माझ्या हाताची सावली भिंतीवर पाडून दाखवली होती आणि मी सशाचे कान करून हसले होते. बाबांनी चष्मा काढला. उपरण्याने पुसला. म्हणाले, "शक्य आहे. काही सांगता येत नाही."

मी रडले नाही. मला आठवतं ते असं की रहाटाचा आवाज एकदम मोठा ऐकू यायला लागला. भाऊ परत मिळाला होता आणि तो हातचा जाऊ नये म्हणून माझ्या वडिलांनी मला देऊन टाकलं, चारचौघांत, चष्मा पुसता पुसता. लोक म्हणतात मुलगी परक्याचं धन. मी तर घरच्याघरीच परकी झाले होते. माझ्यावर खापर फुटलं आणि सगळ्यांचं सगळ्यांशी बरं झालं.

आई कधी बाहेर आली ते मी बघितलं नाही. ती भाकऱ्या थापत होती, तिच्या हातांना तांदळाचं पीठ होतं. डोक्यावरचा पदर तसाच ठेवून ती माणसांमधून सरळ पेटीपाशी गेली. अण्णांसमोर ती कधी उभी राहिली नव्हती, त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. काकू म्हणाली, "धाकटे, काय करतेस?" आईने बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात पेटीत घातला. मेलेल्या बोय बाजूला झाल्या. पांढरा चुरा उसळला, मग आम्ही दोघींनी धुतलेली रेती, आणि मग तिने खालून मूठ भरून हात वर काढला. मुठीतून काळं गळत होतं. वास असा आला की दोन बायका ओटीखाली उतरल्या. आईने ती मूठ अण्णांच्या पायाशी शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवली, आदळली नाही, ठेवली. काळ्या लगद्यात पेंडीचे तुकडे स्पष्ट दिसत होते, अजून पुरते विरले नव्हते.

"ही घ्या माझ्या लेकीची सावली," ती म्हणाली. "वळकता का बघा."

अण्णा खाली बघत होते. मग ते हळूच म्हणाले, "वाफ्याला घालतो तीच तर घातली. चांगली बघून घातली." त्यांच्या आवाजात माज नव्हता. आपली चूक झाली हे त्यांना कळलं होतं, पण ती कशी झाली हे कळत नव्हतं. आज मला त्यांचं म्हणणं समजतं. त्यांनी त्या मासळीला उपाशी ठेवायचं नाही म्हणून आपल्याकडची सगळ्यात महागाची, सगळ्यात चांगली पेंड घातली होती. समजतं, पण समजणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. पेंड त्यांनी माशांच्या मायेने घातली असेल. माझं नाव तर मायेने घेतलं नव्हतं.

आईने हात पदराला पुसला नाही. तो तसाच पुढे धरून ती बाबांकडे वळली. नवऱ्याशी ती चारचौघांत बोलत नसे. "शाळंत पोरांना सावली शिकवता ना? आज घरी शिकवायची होती." बाबांनी चष्मा घातला. त्यांनी आईकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि मूग गिळून बसले. आईने थोडा वेळ वाट बघितली. तिने खरंच वाट बघितली, हे मला लिहून ठेवायचं आहे. मग ती म्हणाली, "माझी चूल आजपासून वेगळी." आणि विहिरीवर हात धुवायला गेली.

काकू तिच्या मागे ओरडली, "पडवीत चूल? मग बाहेरच्या बायांनी बसायचं कुठं?"

त्याच दुपारी तिने वाळलेला मातीचा ढीग फोडला, भिजवला, त्यात भाताचा कोंडा घालून तुडवला. मी तुडवायला लागले. चिंबोरी कधीतरी त्या गडबडीत पेटीतून उतरून रहाटाच्या पाटाच्या दिशेने निघून गेली. अण्णांच्या धाकट्याने ती जाताना बघितली. शहाणी होती, तिने कोणाला विचारलं नाही. पेटी रिकामी करायला अण्णा किंवा बाबा कोणी पुढे आलं नाही, तेव्हा आईनेच ती रिकामी केली. काळा लगदा केळीच्या आळ्यात टाकला आणि मधली रेती विहिरीवर नेऊन पुन्हा धुतली, वास जाईपर्यंत. मी म्हटलं, "आता ही कशाला?" ती म्हणाली, "तू धुतलीस, मी धुतली. त्यांच्या ओटीवर कशाला ठेवू?" उन्हात सुकवून ती रेती तिने पडवीत चुलीच्या जागेवर अंथरली, चोपून बसवली आणि त्यावर चूल घातली. चुलीच्या तोंडाशी पांढऱ्या शिंपल्यांचा चुरा दाबून तिने एक ओळ काढली. आईने नुसतं शोभेसाठी काही केलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं.

अण्णा-बाबांचं बोलणं पुन्हा बंद झालं. या वेळी मी निरोप न्यायला नकार दिला, तेव्हा ते खुणांवर आले. पेटीचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. काकूने ती पुसून आत घेतली आणि तिच्यात सुकेळ्यांची पुडकी ठेवायला लागली, मुंग्या लागत नाहीत म्हणून. पाहुणे आले की काचेतून दिसायची. सुकेळी आता तिला स्वतः करावी लागत होती आणि ती काळी पडत होती, हे मी मन लावून बघायची.

बाबा आमच्या चुलीवर जेवायचे. कोळीण पाटी घेऊन आली की आई आता स्वतः मासळी निवडायची, स्वतः कापायची. पहिल्या दिवशी तिने मधला तुकडा माझ्या थाळीत घातला. बाबांना डोकं दिलं. शेपटी तिने मांजराला टाकली, आणि ते मांजर खाईपर्यंत बघत बसली.

मग माझे ते दिवस पुन्हा आले. मी सकाळी उठले, सवयीने गोणपाट शोधायला पडवीकडे गेले आणि दारातच थांबले. पडवीत गोणपाट नव्हतं. वेगळा तांब्या नव्हता. चूल पेटलेली होती, भाकरीचा तवा तापत होता, परातीत तांदळाच्या पिठाची उकड होती. पलीकडे बाबा शाळेत जायच्या आधी जेवायला बसले होते. मी आईला हळूच सांगितलं आणि विचारलं, "मी आता कुठं बसू?"

आईने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे बघितलं. जाळ थोडा पुढे ओढला आणि स्वतः बाजूला सरकली.

"चुलीपुढं बस," ती म्हणाली. "भाकरी थाप."

मी बसले. पायाखाली रेतीवरची जमीन कोरडी, गरम लागत होती. मी थापलेली भाकरी एका बाजूने फाटली, तिला नीट पापुद्रा आला नाही. आईने ती तशीच उलथण्यावर घेतली आणि बाबांच्या थाळीत ठेवली. बाबांनी ती बघितली. सगळं त्यांच्या कानावर पडलं होतं. आई उलथणं हातात घेऊन त्यांच्याकडे बघत उभी होती, आणि मीही बघत होते. त्यांनी तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. पूर्ण भाकरी खाल्ली. बोलले मात्र तेव्हाही काही नाहीत.